स्कॅन हिरवा, तरी फॉर्म अडलेला: विद्यापीठाच्या वेबसाइटवरचे सुगम्यतेचे अडथळे शोधताना

परीक्षा फॉर्मची शेवटची तारीख जवळ आली की विद्यापीठांच्या आणि कॉलेजांच्या संगणक विभागांतून ठरलेला प्रश्न येतो. "स्कॅन केला, दोष काढले, स्कोअर हिरवा आहे, तरी अंध मुलांच्या तक्रारी चालूच आहेत. आता काय राहिलं?" हा बिघाड मी वेगवेगळ्या ठिकाणी पुन्हा पुन्हा दुरुस्त केला आहे आणि मुळाशी बहुतेक वेळा एकच गोष्ट निघते: स्कॅनर, म्हणजे दिव्यांगांना वेबसाइट वापरताना येणारे अडथळे (सुगम्यतेचे दोष) आपोआप शोधणारं साधन, जिथे फिरला तिथे अडथळे थोडे होते आणि जिथे अडथळे होते तिथे तो पोचलाच नव्हता.

खालच्या तपासण्या सोप्याकडून अवघडाकडे लावल्या आहेत. पहिल्या काही तपासण्यांना पैसा लागत नाही, प्रोग्रामरही लागत नाही. त्या केल्याशिवाय महागडं साधन विकत घेण्याचा प्रस्ताव पुढे पाठवू नका.

लक्षणं

- लाइटहाउस हे साधन ९५ च्या वर गुण देतं, वेव्ह या दुसऱ्या साधनात लाल खुणा जवळजवळ नाहीत, तरी स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम) वापरणारा विद्यार्थी फॉर्म भरायला मित्राला शेजारी बसवतो.
- मागच्या सत्रात काढलेले दोष या सत्रात जसेच्या तसे परत.
- रिपोर्टमध्ये हजारो दोष. आकडा बघूनच सगळे हात टेकतात आणि फाइल कोणी उघडत नाही.
- दोन साधनांचे दोन आकडे, आणि कोणतं खरं यावरच बैठक संपते.
- होमपेजबद्दल तक्रार नाही. तक्रार परिपत्रक, वेळापत्रक, हॉल तिकीट आणि निकालाबद्दल.

यातली दोन लक्षणं एकदम दिसत असतील तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

आधी स्कॅनरची मर्यादा समजून घ्या

स्कॅनर पानाचा कोड वाचतो आणि ठरावीक नियमांशी ताडून पाहतो. चित्राला पर्यायी मजकूर, म्हणजे चित्राऐवजी वाचून दाखवायचं वर्णन, आहे की नाही, हे त्याला कळतं. तो मजकूर चित्राशी जुळतो का, हे कळत नाही. कॅमेऱ्यातल्या फाइलचं नाव पर्यायी मजकूर म्हणून टाकलेलं चित्र बऱ्याच साधनांत बिनदिक्कत पास होतं. २०१७ मध्ये ब्रिटनच्या गव्हर्नमेंट डिजिटल सर्व्हिसने मुद्दाम दोषांनी भरलेलं पान बनवून त्यावर अनेक साधनं चालवली होती. सर्वांत चांगल्या साधनालाही निम्म्याहून कमी अडथळे सापडले.

म्हणून स्कॅन टाकाऊ ठरत नाही. युटा स्टेट युनिव्हर्सिटीतली वेबएम ही संस्था, जिने वेव्ह हे साधन तयार केलं, दरवर्षी दहा लाख होमपेज मशीनने तपासते. २०२५ मध्ये त्यातल्या ९४.८ टक्के पानांवर दोष सापडले, आणि सापडलेल्या दोषांतले बहुतेक सगळे सहाच प्रकारचे होते: फिका मजकूर, पर्यायी मजकूर नसलेली चित्रं, लेबल नसलेले रकाने, रिकाम्या लिंका, रिकामी बटणं आणि पानाची भाषा न सांगणं. हे सहा पकडायला मशीनसारखं दुसरं काही नाही. माणसाचा वेळ उरलेल्यासाठी वाचवायचा.

पहिली तपासणी: स्कॅनरने नेमकं कोणतं पान पाहिलं?

रिपोर्ट उघडा आणि दोषांच्या आधी पानाचं शीर्षक व स्क्रीनशॉट बघा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि सगळ्यांत जास्त वेळा बिघाड इथेच सापडतो.

विद्यापीठाची फायरवॉल बाहेरून येणाऱ्या स्कॅनरला बॉट समजून अडवते आणि त्याच्या हातात ‘प्रवेश नाकारला’ असं चार ओळींचं पान ठेवते. त्या पानावर चित्र नाही, फॉर्म नाही, मेनू नाही. दोष निघणार कुठून? रिपोर्ट स्वच्छ येतो आणि तो फाइलला लागतो.

दुसरा प्रकार लॉगिनचा. आतल्या पानांचे पत्ते स्कॅनरला दिले, पण लॉगिन दिलं नाही, की सर्व्हर प्रत्येक वेळी त्याला लॉगिनच्या पानाकडे वळवतो. परीक्षा फॉर्म, फी, हॉल तिकीट अशा वेगवेगळ्या नावांखाली एकच लॉगिनचं पान पुन्हा पुन्हा तपासलं जातं. याची खूण सोपी आहे: अनेक पानांवर दोषांचा आकडा तंतोतंत सारखा दिसतो.

उपाय फुकट आहे. वेव्ह किंवा ऍक्स या स्कॅनरचं ब्राउझरमध्ये बसणारं एक्स्टेंशन घ्या. ते तुमच्या लॉगिनसकट, तुमच्या समोर उघडं असलेलं पान तपासतं. मात्र खऱ्या विद्यार्थ्याच्या पीआरएनने (कायम नोंदणी क्रमांकाने) आत जाऊ नका. परीक्षा विभागाकडून चाचणीसाठी वेगळं खातं मागून घ्या आणि शेवटचं ‘सादर करा’ बटण कुठपर्यंत दाबायचं ते आधी ठरवा, नाहीतर चाचणीचा फॉर्म खऱ्या यादीत जाऊन बसतो आणि तो काढायला परीक्षा विभागाला वेगळा पत्रव्यवहार करावा लागतो.

दुसरी तपासणी: माउस बाजूला ठेवा

होमपेज उघडा आणि टॅब दाबत चला. चार गोष्टी बघायच्या. आपण कुठे आहोत ते प्रत्येक वेळी चौकटीने दिसतं का? ‘विद्यार्थी कक्ष’सारख्या मेनूच्या आतल्या लिंकांपर्यंत पोचता येतं का? वर ‘मुख्य मजकुराकडे जा’ अशी लिंक आहे का, आणि ती खरंच नेते का? कुठे अडकून तर पडत नाही?

आपल्याकडच्या बहुतेक मेनूंवर माउस नेला तरच ते उघडतात. कीबोर्डने ते बंदच राहतात. दुसरीकडे, डिझाइनरला निळी चौकट खटकते म्हणून तो ती सीएसएसमधून (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमधून) काढून टाकतो आणि मग टॅब कुठे पोचला ते डोळस माणसालाही कळत नाही. या दोन्ही गोष्टी स्कॅनर सहसा पकडत नाही, कारण तो टॅब दाबून फिरत नसतो. हाताने माउस धरता येत नाही अशा विद्यार्थ्याची वेबसाइट मात्र इथेच संपते.

डब्ल्यूसीएजी, म्हणजे ज्या निकषांवर जगभर सुगम्यता तपासली जाते, त्यात कीबोर्डने सगळं चालणं ही सर्वांत खालच्या ‘ए’ पातळीची अट आहे. इथे नापास झालात तर पुढच्या तपासण्यांआधी हे दुरुस्त करून घ्या. काम प्रोग्रामरचं आहे, पण लहान आहे.

तिसरी तपासणी: मजकूर नोटपॅडमध्ये चिकटवा

ही तपासणी इंग्रजी मार्गदर्शकांत मिळत नाही, पण मराठी वेबसाइटला तिच्यावाचून गत्यंतर नाही.

मराठी परिच्छेद निवडा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी जशीच्या तशी आली तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिपींसाठीच्या सामायिक संकेतात आहे. इंग्रजी अक्षरं, चिन्हं आणि टोपीवाल्या स्वरांची खिचडी आली तर तो जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. डीटीपीच्या काळापासून चालत आलेल्या फाइली अजून कित्येक विभागांत जिवंत आहेत आणि त्यांतून मजकूर थेट वेबसाइटवर जातो. डोळ्यांना मराठी दिसते, पण कोडमध्ये मराठी नसतेच. स्क्रीन रीडर ती खिचडीच वाचून दाखवतो. स्कॅनरला मजकूर आहे एवढंच दिसतं, म्हणून तो पास करतो. यावर एकच इलाज: मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणायचा आणि मग माणसाने वाचायचा. जोडाक्षरं आणि रफार कन्व्हर्टरमध्ये हमखास बिघडतात.

मजकूर युनिकोडमध्ये असेल तर पानाची भाषा बघा. पानावर राइट क्लिक करून सोर्स उघडा. अगदी वरच्या एचटीएमएलच्या टॅगमध्ये लँग नावाचा गुणधर्म असतो आणि मराठी पानासाठी तिथे एम आणि आर ही दोन अक्षरं हवीत. विकत घेतलेल्या टेंपलेटमध्ये तिथे इंग्रजीचा संकेत आधीपासून भरलेला असतो. भाषा लिहिलेली आहे आणि संकेत वैध आहे, एवढ्यावर स्कॅनर समाधानी होतो. पानावर खरं तर मराठी आहे, हे तो ताडून बघत नाही. परिणाम ऐकणाऱ्याला भोगावा लागतो: इंग्रजी आवाज चालू होतो, आणि काही आवाज देवनागरी मजकूर सरळ गाळून पुढे जातात. विद्यार्थ्याला पान रिकामं वाटतं.

दोन अक्षरांची ही दुरुस्ती टेंपलेटमध्ये एकदा केली की त्या टेंपलेटची सगळी पानं सुधारतात. मराठी पानात मधेच इंग्रजी परिच्छेद असेल तर त्या परिच्छेदापुरती भाषा वेगळी नोंदवायची.

चौथी तपासणी: बंद असलेल्या गोष्टी उघडून स्कॅन करा

स्कॅनर त्या क्षणी पानावर जे उघडं आहे तेवढंच तपासतो. मिटलेला मेनू, न उघडलेली तारखेची खिडकी, फॉर्म चुकला की येणारा लाल संदेश, मोबाइलच्या रुंदीला दिसणारं तीन रेघांचं बटण, हे सगळं त्याच्या नजरेआड राहतं. आणि फॉर्म अडतो तो नेमका याच ठिकाणी.

म्हणून महत्त्वाचं पान एकदा स्कॅन करून सोडू नका. मेनू उघडा, स्कॅन करा. फॉर्म रिकामाच सादर करा, चुका येऊ द्या, पुन्हा स्कॅन करा. ब्राउझरची खिडकी मोबाइलएवढी अरुंद करा आणि पुन्हा. दोन साधनांचे आकडे जुळत नाहीत त्याचं एक कारण हेच असतं. दुसरं कारण असं की प्रत्येक साधन वेगळं मोजतं: रकान्याच्या आत फिक्या अक्षरांत लिहिलेली सूचना काही साधनांना लेबल म्हणून चालते, काहींना चालत नाही. दोन आकड्यांची तुलना करत बसू नका. एक साधन ठरवा आणि त्याच साधनाचे आधीचे व नंतरचे आकडे बघा.

पाचवी तपासणी: रिपोर्ट दोषांच्या संख्येने वाचू नका

चार हजार दोषांचा रिपोर्ट आला म्हणजे चार हजार दुरुस्त्या आल्या असं नाही. दोष नियमाप्रमाणे आणि कोडमधल्या जागेप्रमाणे एकत्र लावा. पानाच्या खालच्या पट्टीत फेसबुक आणि यूट्यूबच्या चिन्हांना नाव दिलेलं नाही, ती पट्टी प्रत्येक पानावर आहे, म्हणून एकच चूक प्रत्येक पानामागे मोजली गेली आहे. वरची पट्टी, मेनू, खालची पट्टी आणि शोधाचा रकाना एवढ्या चार जागा दुरुस्त केल्या की आकडा धाडकन खाली येतो. कुलसचिवांना किंवा प्राचार्यांना दाखवायलाही हे बरं, कारण थोड्या कामात फरक दिसतो आणि पुढच्या कामाला मान्यता मिळते.

मग ‘तपासणी आवश्यक’ अशा नावाची वेगळी यादी उघडा. ऍक्ससारखी साधनं ज्याबद्दल खात्री देता येत नाही ते तिथे टाकतात, आणि ती यादी सहसा कोणी उघडत नाही. फोटोवर लिहिलेला मजकूर, रंग बदलत जाणाऱ्या पार्श्वभूमीवरची अक्षरं, हे सगळं तिथे असतं. आपल्या होमपेजवरचं मोठं सरकतं चित्र, त्यावर पांढऱ्या अक्षरांत प्रवेशाची घोषणा, हे नमुनेदार उदाहरण. ते हाताने, रंग मोजणाऱ्या साधनाने तपासावं लागतं.

नेहमीच्या आकाराच्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात ४.५:१ इतका विरोध (कॉन्ट्रास्ट) हवा, मोठ्या अक्षरांसाठी ३:१. पांढऱ्यावर तिरंग्यातल्या केशरीसारखा रंग घेतला तर तो साधारण २.१:१ भरतो, म्हणजे निम्म्याहूनही कमी. करड्या रंगात तर फरक डोळ्यांना कळतच नाही: रंगाच्या संकेतात सहा वेळा ७ लिहिला तर पांढऱ्यावर ४.४८ येतात आणि नापास होतो. तीन वेळा ७६ लिहिलं तर ४.५४ येतात आणि पास होतो. देवनागरीसाठी मी काठावर पास होणारा रंगही घेऊ देत नाही. अनुस्वार, रफार आणि उकार बारीक असतात, फिक्या रंगात तेच आधी नाहीसे होतात, आणि अल्पदृष्टी असलेला विद्यार्थी ‘मुदत वाढवली’ आणि ‘मुदत वाढवली नाही’ अशा ओळी मोबाइल नाकाला लावून वाचत असतो.

सरकत्या सूचनांच्या पट्टीबद्दल. जुना मार्की टॅग वापरला असेल तर ऍक्स तो पकडतं. तीच पट्टी ऍनिमेशनने सरकवली असेल तर बहुधा सुटते. आपोआप सरकणारा मजकूर पाच सेकंदांपेक्षा जास्त चालत असेल तर थांबवायची सोय हवी, असा निकष आहे. मी तर पट्टी काढून सरळ पाच-सहा ताज्या सूचनांची यादी ठेवायला सांगतो. लुकलुकणारं ‘नवीन’चं चित्रही काढा आणि त्या जागी तारीख लिहा. सगळ्यांनाच सोयीचं.

सहावी तपासणी: पीडीएफ

वेब स्कॅनर सहसा पीडीएफची लिंक तपासतो, पीडीएफ उघडून तपासत नाही. विद्यापीठाची खरी माहिती मात्र पीडीएफमध्येच असते. वेळापत्रक, अभ्यासक्रम, एटीकेटीचे नियम, शिष्यवृत्तीची मुदत, सगळं तिथे. त्यामुळे वेबसाइटचा रिपोर्ट कितीही चांगला असो, विद्यार्थ्याला लागणारा मजकूर त्या रिपोर्टच्या बाहेरच राहिलेला असतो.

सगळ्यांत स्वस्त परीक्षा: पीडीएफ उघडा आणि त्यातला डोळ्यांना दिसणारा एखादा शब्द शोधा. सापडला नाही तर ते पान म्हणजे फोटो आहे. स्क्रीन रीडर तिथे ‘रिकामा दस्तऐवज’ अशा अर्थाचं काहीतरी बोलतो आणि थांबतो.

हे का होतं, ते प्रशासनात काम केलेल्याला सांगावं लागत नाही. परिपत्रक वर्डमध्ये टाइप होतं, छापलं जातं, त्यावर जावक क्रमांक पडतो, सही होते, शिक्का बसतो, आणि तो कागद स्कॅन होऊन वेबसाइटवर चढतो. सही-शिक्क्याशिवाय परिपत्रक अधिकृत वाटत नाही. ही अडचण खरी आहे आणि ‘स्कॅन करू नका’ एवढं सांगून सुटत नाही. माझ्या अनुभवात टिकलेला मार्ग असा: सही झालेला स्कॅन खुशाल लावा, पण त्याच सूचनेच्या पानावर वर्डमधला मूळ मजकूर साध्या रूपात टाका. क्लार्कच्या संगणकावर तो आधीच टाइप झालेला असतो. कॉपी करून चिकटवायला दोन मिनिटं लागतात. अधिकृतपणा स्कॅनला, वाचनीयता मजकुराला. डिजिटल सही वापरत असाल तर छापून स्कॅन करण्याची पायरीच गळते, हे आणखी चांगलं.

शब्द सापडला तरी मराठीसाठी एक परीक्षा उरते. मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा आणि ‘विद्यार्थी’, ‘प्रात्यक्षिक’, ‘गुणपत्रिका’ असे शब्द बघा. पीडीएफ बनताना देवनागरीची मांडणी बऱ्याचदा मोडते: पहिली वेलांटी सरकते, रफार गळतो, जोडाक्षराच्या जागी चौकोन येतो. छापलेलं पान निर्दोष दिसतं आणि आतला मजकूर फुटलेला असतो. पीडीएफ तपासणारी साधनंही हे धड पकडत नाहीत. फाइल ‘प्रिंट’ करून पीडीएफ न बनवता वर्डमधून ‘सेव्ह ऍज’ने बनवा आणि पर्यायांत सुगम्यतेसाठीचे टॅग ठेवण्याची खूण चालू आहे ना, ते पाहा. लिब्रेऑफिसमध्येही टॅग असलेली पीडीएफ काढण्याचा पर्याय आहे. मथळ्यांना वर्डमधली मथळ्याचीच शैली द्या. अक्षर मोठं आणि ठळक केलं म्हणजे मथळा झाला असं मशीन मानत नाही.

तपासायला पीएसी नावाचं फुकट साधन आहे, विंडोजवर चालतं. जुन्या स्कॅनमधून मजकूर काढायला टेसरॅक्ट हे मोफत ओसीआर मराठी ओळखतं, पण तिरका ठेवलेला, शिक्का आडवा आलेला कागद त्यालाही जड जातो. सगळा जुना साठा उपसायला घेऊ नका. चालू सत्राची परिपत्रकं, वेळापत्रकं, फी आणि शिष्यवृत्ती एवढं आधी. उरलेलं कोणी मागितलं तर ठरावीक दिवसांत वाचनीय रूपात देऊ, असं वेबसाइटवर लिहा आणि त्याची जबाबदारी एका माणसाकडे द्या.

सातवी तपासणी: फॉर्म कानाने भरा

इथून पुढे वेळ लागतो. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट आहे, विंडोजवर चालतो आणि त्याच्याबरोबर येणारा आवाज मराठी वाचतो. तो बसवा, मॉनिटर बंद करा आणि चाचणीच्या खात्याने परीक्षा फॉर्म भरायला घ्या. टॅबने रकान्यांवरून जा. एच दाबलं की पुढचा मथळा, एफ दाबलं की फॉर्ममधला पुढचा रकाना.

एका परीक्षा फॉर्मवर ऐकू आलेलं जसंच्या तसं देतो: "एडिट, ब्लँक. एडिट, ब्लँक. कॉम्बो बॉक्स, सिलेक्ट. बटण." पडद्यावर प्रत्येक रकान्याच्या वर सुबक अक्षरांत पीआरएन, आईचं नाव, विषय गट असं लिहिलेलं होतं. पण ते शब्द आणि रकाने कोडमध्ये एकमेकांना जोडलेले नव्हते. हा दोष स्कॅनर पकडतो, पण तो लॉगिनच्या आत गेला असेल तरच.

तो पकडत नाही ते पुढचं. विषय निवडायची यादी खऱ्या यादीच्या घटकाने न बनवता साध्या चौकटीवर क्लिक लावून बनवलेली असते. स्कॅनरच्या लेखी तो निव्वळ मजकूर, म्हणून दोष शून्य. जन्मतारीख कॅलेंडरमधूनच निवडायची सक्ती असते आणि ते कॅलेंडर कीबोर्डला दाद देत नाही. तारीख टाइप करू द्या, प्रश्न मिटतो. कॅप्चा निव्वळ चित्राचा असतो, ऐकायची सोय नसते. चूक झाली की रकान्याची कड लाल होते, शब्दांत काही येत नाही. आणि सेशन काही मिनिटांत संपतं. स्क्रीन रीडरने फॉर्म भरायला वेळ जास्त लागतो हे गृहीतच धरलेलं नसतं, त्यामुळे विद्यार्थी शेवटच्या पानावर पोचतो आणि पुन्हा लॉगिनवर येऊन पडतो. मुदतीच्या रात्री हे झालं तर विलंब शुल्क त्याच्याच माथी.

लेबल, टाइप करता येणारी तारीख, शब्दांत सांगितलेली चूक, सेशन वाढवायची सूचना, हे तुमच्या प्रोग्रामरला जमतं. सेशन किती लांबवायचं ते सुरक्षा बघणाऱ्याशी बोलून ठरवा.

एक गोष्ट करू नका. स्कॅनरचा आवाज बंद करण्यासाठी कोडमध्ये एरियाचे (हा घटक काय आहे ते स्क्रीन रीडरला सांगणारे) गुणधर्म जागोजागी शिंपडू नका. बटणासाठी खरं बटण, यादीसाठी खरी यादी वापरली तर एरियाची गरजच बहुतेक पडत नाही. चुकीचा एरिया हा काही नसण्यापेक्षा वाईट, कारण तो ऐकणाऱ्याला खोटं सांगतो. वेबएमच्या तपासणीतही एरिया वापरलेल्या पानांवर सरासरीने जास्तच दोष सापडत आले आहेत.

दोष परत का येतात

दुरुस्ती चालू वेबसाइटवर होते, व्हेंडरकडच्या मूळ प्रतीत होत नाही. पुढच्या वेळी तो जुनी प्रत चढवतो आणि सगळं पुसलं जातं. प्रवेशाचं पोर्टल दरवर्षी गेल्या वर्षीच्या पोर्टलवरून नकलून बनतं, दोषांसकट. आणि सूचना चढवणारा माणूस बदलतो. नव्याला पर्यायी मजकुराचा रकाना कशासाठी आहे हे कोणी सांगितलेलं नसतं.

त्यामुळे दुरुस्ती झाल्यावर पहिला प्रश्न विचारा: ही मूळ कोडमध्ये गेली का? लेखी उत्तर घ्या. सूचना चढवण्याच्या पानावर पर्यायी मजकूर आणि मूळ मजकूर हे दोन रकाने सक्तीचे करा, म्हणजे माणूस बदलला तरी पद्धत राहते. प्रत्येक टेंपलेटचं एकेक पान निवडून पंधरा-वीस पत्त्यांची कायमची यादी करा आणि तेवढ्यांचाच स्कॅन दर आठवड्याला आपोआप चालू द्या. पॅली (Pa11y) किंवा ऍक्सचं मुक्त इंजिन हे काम फुकट करतं. हजारो पानांचा वार्षिक रिपोर्ट कोणी वाचत नाही. वीस पानांत मंगळवारी एक नवा दोष आला, तर तो कोणत्या बदलाने आला ते बुधवारी सापडतं.

निविदेत किंवा करारात ‘वेबसाइट सुगम्य असावी’ असं मोघम वाक्य चालत नाही. डब्ल्यूसीएजी २.१ ची एए पातळी, कोणत्या पानांवर, कोणत्या साधनाने आणि कोणत्या स्क्रीन रीडरने तपासणार, दोष किती दिवसांत काढणार, हे लिहा.

पैसे कशाला, असा प्रश्न वरून आला तर उत्तर कायद्यात आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात माहिती व संपर्क तंत्रज्ञान सुगम्य करण्याची जबाबदारी आहे आणि शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत दिव्यांगांसाठी किमान ५ टक्के जागाही आहेत. ज्या विद्यार्थ्याला जागा दिली त्याचा फॉर्म अडवता येणार नाही. डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात स्पष्ट केलं आहे.

कोपऱ्यातलं बटण बसवून प्रश्न सुटत नाही

अक्षर मोठं करणारं, रंग उलटे करणारं, ‘एका ओळीच्या कोडने वेबसाइट सुगम्य’ असं सांगून विकलं जाणारं विजेट घेऊ नका. लेबल नसलेल्या रकान्याला ते नाव देऊ शकत नाही, फोटो असलेल्या परिपत्रकात मजकूर आणू शकत नाही, आणि स्क्रीन रीडरच्या मधे मधे येतं ते वेगळंच. अशाच एका कंपनीच्या दाव्यांवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली आणि २०२५ मध्ये तिला दहा लाख डॉलर भरायला लावले. तो पैसा पीडीएफ सुधारण्यावर आणि चाचणीवर घाला.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

पुढच्या परिस्थितीत घरच्या घरी खटपट करू नका.

अडथळा फी भरण्याच्या पानावर असेल, तर ते पान पेमेंट कंपनीचं असतं. त्याच्या कोडला हात लावायचा अधिकार तुम्हाला नाही आणि लावूही नये. एनव्हीडीएचं बोलणं रेकॉर्ड करून लेखी तक्रार द्या आणि तोवर अशा विद्यार्थ्यांना फी भरायचा दुसरा मार्ग खुला ठेवा.

परीक्षा पोर्टल व्हेंडरच्या बंद कोडमध्ये असेल आणि याद्या, कॅलेंडर, खिडक्या सगळंच त्याने स्वतः घडवलेलं असेल, तर बाहेरून ठिगळं लावू नका. सुगम्यता जाणणारा फ्रंटएंड प्रोग्रामर लागतो.

गणिताची सूत्रं, रसायनशास्त्राच्या आकृत्या, अनेक पातळ्यांचे तक्ते असलेल्या पीडीएफ टॅग करणं हे वेगळं कौशल्य आहे. अर्धवट टॅग केलेला तक्ता गुण एका विषयाचे आणि नाव दुसऱ्याचं असं वाचतो. निकालाच्या बाबतीत हा धोका पत्करू नका.

शासकीय संकेतस्थळांच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे प्रमाणपत्र हवं असेल तर ते एसटीक्यूसी या केंद्र सरकारच्या गुणवत्ता तपासणाऱ्या संस्थेकडून रीतसर परीक्षणानेच मिळतं. कोणत्याही स्कॅनरचा रिपोर्ट त्याच्या जागी चालत नाही.

आणि वरच्या सातही तपासण्या करून तक्रार उरली असेल, तर रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या तपासनिसाला बोलवा आणि कामाचा योग्य मोबदला द्या. तुमच्याच अंध विद्यार्थ्याला फुकट तपासायला बसवू नका, त्याला परीक्षा आहे. मॉनिटर बंद करून आपण तासभर फॉर्म भरणं आणि वर्षानुवर्षं कानाने वाचणाऱ्याचं कसब यांत पुष्कळ अंतर आहे. तो ज्या वेगाने ऐकतो त्या वेगाने आपल्याला शब्दही कळत नाहीत.

जाणकाराला बोलावताना या गोष्टी तयार ठेवा: वीस पानांची यादी, शेवटचे दोन स्कॅन, चाचणीचं खातं, तक्रारीतले मूळ शब्द, ब्राउझर आणि स्क्रीन रीडरची नावं व आवृत्त्या, आणि मूळ कोड कोणाच्या ताब्यात आहे त्याचं नाव. एवढं हातात असेल तर तो पहिल्या दिवसापासून कामाला लागतो. नसेल तर त्याचा पहिला आठवडा हेच गोळा करण्यात जातो आणि त्याचे पैसे तुम्हीच भरता.